नर्मदेच्या बदल्यात तापी, पण धडगावच्या बदल्यात काय?

दोन राज्यांनी पाण्याची अदलाबदल करायची ठरवली, की ते पाणी मुळात कोणाचे, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. सरकार विचारत नाही, कारण कागदावर पाणी राज्याचे असते. शहरातले लोक विचारत नाहीत, कारण नळ कधी येणार एवढेच त्यांना हवे असते. आणि ज्यांच्या बुडालेल्या घरांवर ते पाणी साठलेले असते, त्यांना बैठकीचे बोलावणेच येत नाही. आमच्या नंदुरबार जिल्ह्याच्या वाट्याला अशीच एक अदलाबदल आलेली आहे. ती वाईट आहे असे मी म्हणणार नाही. उलट हिशेबाने ती शहाणपणाची आहे. पण तिच्यात एक तिसरा पक्ष आहे आणि त्याचे नाव करारात नाही. आपण, म्हणजे या जिल्ह्यातल्या शहरांत आणि बाजारगावांत राहणारी मुस्लिम मुले-मुली, त्या तिसऱ्या पक्षाच्या बाजूने बोलणार की गप्प बसणार, हा माझा विषय आहे.

आधी प्रकरण नीट समजून घेऊ. नर्मदा ही जिल्ह्याची उत्तर सीमा. तापी खालच्या सपाटीतून वाहते. दोघींच्या मध्ये सातपुडा. डिसेंबर १९७९ मध्ये नर्मदा पाणीतंटा लवादाने निवाडा दिला आणि नर्मदेचे वापरण्याजोगे पाणी २८ दशलक्ष एकर-फूट धरून चार राज्यांत वाटले. मध्य प्रदेशाला १८.२५, गुजरातला ९, राजस्थानला अर्धा आणि महाराष्ट्राला पाव. पाव दशलक्ष एकर-फूट म्हणजे १०.८९ टीएमसी. एक टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट, सुमारे २,८३२ कोटी लिटर.

हे पाणी महाराष्ट्राचे झाले खरे, पण ते वापरायचे कसे? नदी डोंगराच्या पलीकडे, खोल दरीत. शेती आणि वस्ती डोंगराच्या अलीकडे. मध्ये हजार मीटरपर्यंत उंच जाणाऱ्या रांगा. म्हणून वर्षानुवर्षे आपला वाटा आपण गुजरातच्या दिशेने वाहताना बघत राहिलो. त्यावर तोडगा निघाला तो असा : महाराष्ट्राच्या वाट्यातले ५ टीएमसी पाणी गुजरातने सरदार सरोवरातूनच वापरावे आणि त्याच्या बदल्यात महाराष्ट्राने तेवढेच पाणी तापीवरच्या उकाई धरणाच्या फुगवट्यातून उचलावे. फुगवटा आमच्या नवापूर-नंदुरबारच्या हद्दीत शिरलेला आहेच. उरलेल्यापैकी सुमारे साडेपाच टीएमसी पाणी नर्मदेला मिळणाऱ्या नद्या डोंगरातच अडवून बोगद्याने तापी खोऱ्यात आणायचे. या दोन्ही गोष्टींच्या घोषणा आम्ही गेली कित्येक वर्षे ऐकत आहोत.

पहिली गोष्ट मला पटते. पाणी डोंगरावर चढवण्यापेक्षा दोन जमाखर्च एकमेकांत वळते करणे केव्हाही स्वस्त. सुरतेला दिलेल्या पैशाची चिठ्ठी नंदुरबारात वटवावी, तसे हे आहे. आमच्या भागात व्यापारी हे पिढ्यान्‌पिढ्या करत आले. नवापूरच्या रेल्वे स्टेशनवर तर अर्धा फलाट महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातमध्ये आहे. तिकीट एका राज्यात काढायचे आणि स्टेशन मास्तरला दुसऱ्या राज्यात गाठायचे. अशा गावात वाढलेल्या मुलीला राज्याची सीमा म्हणजे पाण्याला अडवणारी भिंत वाटत नाही.

पण चिठ्ठी वटवताना पैसे ज्याचे त्यालाच मिळाले पाहिजेत. इथे घोटाळा आहे.

महाराष्ट्राला नर्मदेत वाटा मिळाला, विजेत २७ टक्के हिस्सा मिळाला, तो कशाच्या जोरावर? सरदार सरोवराच्या पाण्यात महाराष्ट्राची ३३ गावे आली. सगळी अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. मणिबेलीपासून सुरुवात झाली. बहुतेक लोक भिल आणि पावरा. तळोद्याजवळची ४,२०० हेक्टर वनजमीन मोकळी करून त्यातल्या काहींना सोमावल, रेवानगर, नर्मदानगर अशा वसाहतींत आणले. काही जण उंचावर सरकले आणि तिथेच राहिले. धरणाचे दरवाजे जून २०१७ मध्ये बंद झाले आणि सप्टेंबर २०१९ मध्ये पाणी पहिल्यांदा १३८.६८ मीटर या पूर्ण पातळीला टेकले. आज त्या काठावरच्या माणसाच्या डोळ्यांसमोर समुद्रासारखे पाणी पसरलेले आहे, दवाखानासुद्धा बोटीतून येतो, आणि उन्हाळ्यात पिण्याचे पाणी मात्र बाई नाल्यातल्या झऱ्यावरून, खणलेल्या खड्ड्यातून वाटीवाटीने हंड्यात भरते.

म्हणजे घर गेले अक्राणीचे, वाटा मिळाला महाराष्ट्राला, आणि अदलाबदलीत पाणी येणार नंदुरबार-नवापूरच्या सपाटीला. दुसऱ्या गोष्टीतही तेच. नर्मदेला मिळणाऱ्या नद्या अडवायच्या कुठे, तर पुन्हा अक्राणीत. बोगदा उघडणार कुठे, तर शहाद्याच्या बाजूला. एकाच तालुक्याने दोनदा द्यायचे आणि एकदाही घ्यायचे नाही, हा कुठला व्यवहार?

इथे कोणी म्हणेल, पाणीच कमी आहे, सगळ्यांना कसे पुरणार? म्हणून मी कागद-पेन घेऊन बसले. तुम्हीही बसा, गणित सातवीचे आहे. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या १६,४८,२९५. शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी द्यावे असा सरकारी निकष आहे. समजा आपण पाड्यावरच्या माणसालाही शहरातला माणूस मानले आणि सगळ्या जिल्ह्याला, अगदी प्रत्येकाला, १३५ लिटर दिले. रोजचे साधारण २२ कोटी २५ लाख लिटर होतात. वर्षाचे ८,१२२ कोटी लिटर. टीएमसीत २.८७. लोकसंख्या वाढली आहे, गळती होते, बाष्पीभवन होते, हे धरून आणखी एक टीएमसी वाढवा. तरीही उकाईच्या त्या पाच टीएमसीतून एक टीएमसी उरते. आणि नंदुरबार शहराला, जनगणनेतल्या १,११,०३७ लोकांना, वर्षाला लागते ते एका टीएमसीचा पाचवा हिस्सा. अख्खे शहर!

तेव्हा ‘पाणी नाही’ हे पिण्याच्या पाण्याबाबत तरी खरे नाही. पाणी आहे, पहिला हंडा कोणाचा हे ठरलेले नाही.

आणखी एक आकडा बघा. जल जीवन मिशन २०१९ मध्ये सुरू झाले, घरोघरी नळ देण्यासाठी. त्यात गावातल्या माणसाला रोज ५५ लिटर धरले आहे. शहरातल्याला १३५, खेड्यातल्याला ५५. गावातल्या बाईला गुरे असतात, ती शेतातून येते, तिच्या घरी पाहुणे जास्त उतरतात. तिची तहान अडीचपट कमी कशी काय? हा फरक कोणी वाईट हेतूने केला असे मी म्हणत नाही. पैसे, पाइप, सांडपाण्याची सोय असे त्याचे हिशेब असतील. पण आपण शहरातले लोक हा फरक इतका गृहीत धरतो, की आपल्याला तो आकडा माहीतसुद्धा नसतो.

आता आपल्याकडे येऊ. मुस्लिम तरुणांनी या भानगडीत का पडावे? आपले प्रश्न काय कमी आहेत?

मी ज्या मोहल्ल्यात वाढले तिथे नळाला पाणी कधी येईल हे घरातल्या बायकांनाच ठाऊक असायचे. अम्मी पहाटे उठून नळाच्या तोंडाला कान लावायची. आधी हवा येते, मग पाणी. जलवाहिनीच्या शेवटच्या टोकाला असल्यामुळे वरच्या वस्तीत भरून झाले, की आमच्याकडे धार पोचायची. व्हॉल्व्हमन हा आमच्या बालपणातला सर्वांत बडा माणूस होता, नगरसेवकापेक्षाही. परीक्षेच्या दिवशीसुद्धा मोठ्या बहिणीने आधी ड्रम भरले आणि मग शाळा गाठली. हे तुमच्यापैकी अनेकांच्या घरचे असेल.

कालव्यावर अशा माणसाला टेलचा शेतकरी म्हणतात. पाटाच्या तोंडाशी असलेला भरून घेतो, टेलच्याला चिखल मिळतो. शहराच्या पाइपवर टेलला आपला मोहल्ला आहे आणि जिल्ह्याच्या नकाशावर टेलला धडगावचा पाडा आहे. गंमत म्हणजे तो पाडा खरे तर उगमाशी आहे. तरीही टेलला! आपण फक्त आपल्या गल्लीत पाणी वाढवून मागितले, तर जास्तीत जास्त काय होईल, पाण्याची वेळ अर्ध्या तासाने वाढेल. पाणी वाटायची रीत बदलायची असेल, तर तिच्या शेवटी उभे असलेले सगळे एकत्र यावे लागतील. या जिल्ह्यात जवळपास ७० टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. त्यांच्याशी आपले नाते बाजारापुरते राहिले आहे. आठवडे बाजाराला ते येतात, आपण विकतो. गॅरेज, कापड, चपला, मोबाइल दुरुस्ती. त्यापुढे आपण त्यांच्या प्रश्नाला कधी हात घातला? मला तरी फारशी उदाहरणे आठवत नाहीत.

पाण्याच्या बाबतीत आपण वारसा तर मोठा सांगतो. तापीच्याच काठी, वर बुऱ्हाणपुरात, १६१५ च्या सुमारास अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात कुंडी भंडारा बांधला गेला. सातपुड्याच्या पायथ्याशी जमिनीत मुरलेले पाणी भुयारी नहरीने, नुसत्या उताराच्या जोरावर शहरात आणले. वर शंभरावर कुंड्या. पंप नाही, वीज नाही. त्याच सुमारास मलिक अंबरने खडकीत, म्हणजे पुढच्या औरंगाबादेत, नहर-ए-अंबरी खोदली. शाळेच्या सहलीला पाणचक्की बघून आलेल्या प्रत्येकाला हे सांगायला आवडते. पण वारसा सांगताना आपण शहराच्या बाजूने सांगतो : शहराला कसे पाणी मिळाले. कुंडी भंडाऱ्याला पाणी द्यायचा तो सातपुडा. डोंगर झाडांनी झाकलेला असेल, पाऊस मुरत असेल, तरच कुंडीत पाणी. आज तिथली चिंता हीच आहे, की वरचा भाग उजाड झाला आणि मुरणे कमी झाले. नहर कितीही हुशारीने बांधा, डोंगर सांभाळणारा माणूस टिकला नाही तर ती कोरडी पडते. आणि औरंगाबादचे, आताच्या छत्रपती संभाजीनगरचे काय झाले? नहरी मागे पडल्या, शहर जायकवाडीच्या पाण्यावर आले आणि जायकवाडी भरायचे तर वरच्या नाशिक-नगरच्या धरणांनी सोडले पाहिजे. दर तुटीच्या वर्षी भांडण. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि २०१६ मध्ये न्यायालयाने समन्यायी वाटपाच्या बाजूने निकाल दिला. १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांहून कमी साठा असेल तर वरून पाणी सोडायचे, असा नियम त्या खोऱ्यात निदान कागदावर तरी आहे. आमच्या तापी-नर्मदेच्या अदलाबदलीत पाड्यासाठी असा एक तरी आकडा हवा.

यापेक्षा जवळचा आणि मला जास्त आवडणारा नमुना पांझरेकाठचा आहे. शेजारच्या धुळे जिल्ह्यात तीनशे-चारशे वर्षांची फड पद्धत होती, काही ठिकाणी अजून आहे. नदीवर बंधारा, त्यातून पाट, आणि लाभक्षेत्राचे चार भाग म्हणजे फड. एका फडात एकच पीक. प्रत्येक शेतकऱ्याची जमीन शक्यतो प्रत्येक फडात. पाणी कमी पडले की एखादा फड त्या वर्षी भिजवायचा नाही. म्हणजे तोटा झाला तर सगळ्यांचा थोडा थोडा, एकाचा सगळा नाही. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या, त्यांना मेहनताना गावाकडून. यात कुठलाही साधुसंतपणा नव्हता, माणसे तेव्हाही भांडत होती. पण तुटीचे वर्ष आले तर कोण किती सोसणार, हे चांगल्या वर्षातच ठरलेले होते. आमच्या जिल्ह्यातल्या कुठल्या पाणी करारात तुटीचे कलम आहे, ते दाखवा.

शहर आणि गाव यांच्यात पाण्याचा सौदा जगभर होतो. न्यूयॉर्क शहर दीडशे-दोनशे किलोमीटरवरच्या कॅट्सकिल डोंगरातून पाणी आणते. तिथेही जुनी गावे बुडाली, कडवटपणा राहिला. १९९७ मध्ये शहराने डोंगरातल्या गावांशी करार केला : तुम्ही पाणलोट स्वच्छ ठेवा, शेतीची, सांडपाण्याची व्यवस्था सुधारा, खर्च आम्ही देऊ. शहराचा प्रचंड खर्चाचा गाळण प्रकल्प वाचला. कॅलिफोर्नियात उलटे उदाहरण आहे. सॅन डिएगो शहराने २००३ मध्ये इम्पीरियल खोऱ्यातल्या पाटबंधारे मंडळाकडून पाणी घ्यायचा करार केला. शेतकऱ्यांना पैसे मिळाले, काहींनी त्यासाठी जमीन पडीक ठेवली. पण शेतातून पाझरणाऱ्या पाण्यावर सॉल्टन नावाचा मोठा तलाव जगत होता. तो आटू लागला, तळ उघडा पडला आणि त्या धुळीचा त्रास आसपासच्या गरीब वस्त्यांना झाला. घेणारा खूश, विकणारा खूश, आणि सौद्यात नसलेल्यांच्या नाकातोंडात धूळ.

आणि इतके लांब कशाला, आपल्या मुंबईकडे बघा. रोज सुमारे ३८५ कोटी लिटर पाणी महानगराला जाते. त्यातले मोठे भांडार ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यात : तानसा, भातसा. तानसा तर १८९२ पासून. त्याच शहापूरच्या आदिवासी पाड्यांवर दर उन्हाळ्यात टँकर जातो. सव्वाशे वर्षांत महानगराला ते लाजिरवाणे वाटले नाही, कारण करताना कोणी अट घातली नव्हती आणि नंतर अट घालायला कोणाचीच ताकद उरली नाही. म्हणूनच मी म्हणते, अट आधी. भिंतीच्या आधी, बोगद्याच्या आधी, पंपाच्या आधी.

माझी पहिली अट साधी आहे. ज्या खोऱ्यातून पाणी वळवायचे, त्या खोऱ्यातल्या प्रत्येक पाड्याला आधी बारमाही पिण्याचे पाणी, आणि तेही १३५ लिटरच्या मापाने. ते झाले असा दाखला ग्रामसभेने दिला तरच बोगद्याचे काम पुढे. ही मागणी हवेतली नाही. अक्राणी, अक्कलकुवा, तळोदा, नवापूर हे तालुके पाचव्या अनुसूचीत आहेत. १९९६ चा पेसा कायदा तिथे लागू आहे, महाराष्ट्राचे त्याचे नियम २०१४ चे आहेत. भूसंपादनापूर्वी ग्रामसभेचा सल्ला आणि गावातल्या लहान जलसाठ्यांवर गावाचा अधिकार, हे त्यात आहे.

दुसरी विजेची. उंचावर पाणी चढवायला वीज लागते, ती महाग पडते, म्हणून पाड्यांना पाणी देणे परवडत नाही, असे सांगतात. ठीक. मग सरदार सरोवराच्या १,४५० मेगावॅट क्षमतेतल्या विजेचा २७ टक्के हिस्सा महाराष्ट्राला कशाबद्दल मिळतो? त्याच गावांच्या बुडण्याबद्दल. त्या विजेतला नगण्य भाग नर्मदाकाठच्या पाड्यांच्या पंपांसाठी कायमचा राखून ठेवा. नदीनेच नदीचे पाणी वर चढवावे. यात अशक्य ते काय?

वीजबिलावर मी अडून बसले आहे त्याला कारण आहे. तापीवर प्रकाशा आणि सारंगखेड्याला बॅरेज झाले. पाणी अडले, फोटो निघाले. पण ते शेतात नेणाऱ्या धुळे-नंदुरबारच्या तापीकाठच्या २२ सहकारी उपसा योजना थकलेली बिले, जुने पंप, फुटके पाइप यांत वर्षानुवर्षे अडकून पडल्या. काठावरून भरलेली नदी दिसते आणि शिवारात धूळ उडते, हे दृश्य इथल्या शेतकऱ्याला नवे नाही. उकाईतून उचलायचे पाणीही उपशाचेच आहे. पंप कोण चालवणार, बिल कोण भरणार, तिसऱ्या वर्षी मोटर जळाली तर दुरुस्तीचे पैसे कुठून येणार, हे आधी लिहून ठेवले नाही तर या योजनेचेही तेच होणार. पुढाऱ्यांना नारळ फोडायला बॅरेज आवडतो, वीजबिलाच्या उद्घाटनाला कोणी येत नाही.

शहरांनाही अट हवी. नंदुरबार शहर आज विरचक आणि आंबेबाऱ्याच्या पाण्यावर आहे. पाऊस ओढ देतो तेव्हा धरणाचा तळ दिसू लागतो आणि मग लांबच्या पाण्याची मागणी जोर धरते. ती मागणी रास्त आहे, मी स्वतः ती करेन. पण लांबचे पाणी मागण्याआधी जवळचे किती गळते याचा हिशेब शहराने द्यावा. मीटर किती, फुटक्या पाइपांतून जाते किती, सांडपाणी शुद्ध करून बागांना, बांधकामाला, एमआयडीसीला देता येईल किती. शहराने वापरलेले पाणी स्वच्छ करून शेतीला परत दिले, तर तीही अदलाबदलच आहे, आणि त्यासाठी सातपुडा पोखरावा लागत नाही. यात आपल्या मशिदीही आल्या. वजूचे पाणी तसे स्वच्छच असते. ते गटारात सोडण्याऐवजी खड्डा करून मुरवणे किंवा झाडांना देणे हे एका रविवारच्या श्रमाचे काम आहे. इतर ठिकाणी हे होते. ट्रस्टींशी बोलायला थोडा धीर लागेल एवढेच.

उद्योगांबाबत मी जास्त सावध आहे. २००३ नंतरच्या काही वर्षांत राज्यात सिंचनासाठी बांधलेल्या धरणांतले पाणी मंत्र्यांच्या उच्चाधिकार समितीने शहरांना आणि कारखान्यांना वळवले. त्यावर ओरड झाली. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याने हे अधिकार प्राधिकरणाकडे जायला हवे होते, तर २०११ च्या दुरुस्तीने ते पुन्हा मंत्रिमंडळाकडे गेले आणि आधीच्या निर्णयांनाही संरक्षण मिळाले. योजनेच्या फलकावर ‘पिण्यासाठी व सिंचनासाठी’ लिहिलेले पाणी दहा वर्षांनी कोणाच्या आवारात निघेल, याची खात्री म्हणूनच मला वाटत नाही. नवापूर, नंदुरबारला कारखाने यावेत, आपल्या मुलांना सुरतेला जावे लागू नये, हे मलाही हवे आहे. माझे दोन चुलतभाऊ तिथे बारा तासांच्या पाळ्या करतात. सुरत तापीचे पाणीही पिते आणि नंदुरबारचा घामही. पण कारखान्याचा वाटा वेगळा लिहा, त्याची किंमत वेगळी घ्या, आणि त्या पैशातून पाणलोटातल्या गावांना काही जाऊ द्या. न्यूयॉर्कने हेच केले.

आता हे बोलायची वेळ का, तर लवादाच्या निवाड्यातच लिहिले आहे, की प्रसिद्धीपासून ४५ वर्षांनंतर वाटपाचा फेरविचार करता येईल. ती मुदत डिसेंबर २०२४ मध्ये पूर्ण झाली. चार राज्ये आज ना उद्या पुन्हा समोरासमोर बसतील. १९७९ मध्ये मणिबेलीच्या माणसाला कोणी विचारले नव्हते. त्याला वाचता येत नव्हते, आंदोलन उभे राहायचे होते, माहितीचा अधिकार नव्हता. आज त्याच्या नातवाकडे मोबाइल आहे, तो आपल्या मुलांबरोबर शहाद्याच्या, नंदुरबारच्या कॉलेजात बसतो. त्याच्याशी आपली ओळख आहे का? वसतिगृहात जाऊन एकदा विचारा, तुझ्या पाड्यावर पाणी कुठून येते. मी विचारले तेव्हा एका पावरा मुलीने मला सगळ्या झऱ्यांची नावे सांगितली, कुठला फेब्रुवारीत आटतो आणि कुठला मे महिन्यापर्यंत टिकतो त्यासकट. कोणत्याही प्रकल्प अहवालाला पुरवणी म्हणून जोडावी अशी ती माहिती होती. पुढच्या उन्हाळ्यात आम्ही चार-पाच जणी मिळून अशा झऱ्यांची यादी पाड्यांवर जाऊन करणार आहोत. कोणाला यायचे असेल तर या, चालायची तयारी ठेवा.

तोवर घरबसल्या होणारे एक काम आहे. जलसंपदा विभागाकडे माहितीच्या अधिकारात अर्ज करायचा. मराठीत, साध्या कागदावर, दहा रुपयांचे शुल्क, तीस दिवसांत उत्तर. विचारायचे असे : उकाईच्या फुगवट्यातून घ्यायच्या पाच टीएमसीपैकी पिण्यासाठी, शेतीसाठी आणि उद्योगासाठी प्रत्येकी किती राखले आहे, लाभक्षेत्रातल्या गावांची यादी काय, आणि नर्मदा-तापी वळण योजनेत अक्राणी व अक्कलकुव्याच्या कोणत्या पाड्यांना पिण्याचे पाणी मिळणार आहे. यादी दिली तर ती त्या गावच्या ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवता येईल. यादी कोरी आली, तर तो कोरा कागदही दाखवता येईल.